वांझ पानफुटीचा वंश

१२ जानेवारी २०२४, अनसिंग
निवृत्त झालो तरी बॉटनीचा मास्तर आहे. संकल्प: दोन वेगळ्या जातींच्या पानफुटींचा संकर. एकीचे पराग ब्रशने दुसरीवर लावले. बायको, वैजयंती, ओरडली: 'अवो, दाढीचा ब्रश हाये थो!' प्रोत्साहन शून्य.

९ ऑगस्ट
रोपं आली. आईबापांपेक्षा दांडगी. जातीला नाव माझंच.

२ जानेवारी २०२५
फुलली, पण बी धरत नाही. दोन जातींचे क्रोमोसोम जुळत नाहीत. वांझ. तरी पानांच्या कडांना पिल्लं धरतात, गळतात, रुजतात. सगळी हुबेहूब. वंश स्वतःचा स्वतः चालू. म्हणजे स्वतंत्र जातच! बी नाही, तेव्हा फार पसरायची भीती नाही.

१८ जानेवारी
संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वैजयंतीने वाण म्हणून प्रत्येकीला एकेक पान दिलं. मीच सुचवलं. मेडशीच्या मेहुणीने एसटीने नेलं. संशोधन तालुक्याबाहेर पोचलं.

२० मे
गटारीकडेला, घरांच्या टिनाच्या छपरांवर, शाळेच्या भिंतीत तीच. एवढ्या उन्हात, बिनपाण्याची. सकाळी एक रोप खिडकीच्या आत निघालं. आवडलं नाही. शेजारच्या सोजरबाईने विचारलं, 'सर, हे बकरीले चालते का?' पान आहे, बिनधास्त चार, म्हटलं. बिचारीचं घर दोन बकऱ्यांवर चालतं. शिकलेल्याने मदत करावी.

२४ मे
एक बकरी गेली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, विषारी काही खाल्लं, हृदय बंद पडलं. पुस्तक उघडलं. पानफुटीचं पान आलं. मिटलं. सोजरबाई रडत होती: 'माही बकरी गाभन होती, सर.' ऊन फार आहे, म्हटलं. खरं काय ते उद्या सांगतो.

२५ मे
उद्या नक्की.

१ जून
मोहीम! गवत कापायचं मशीन आणून दिसेल ती पानफुटी बारीक केली. सगळा चुरा ओढ्यात सोडला. विषय संपला. आता सोजरबाईला सांगायची गरजच उरली नाही.

१९ जुलै, सकाळ
पाऊस बरा. बकरी गेल्यापासून सोजरबाई आज पहिल्यांदा हसली. म्हणे, 'सर, वढ्याच्या दोनी काठानं लय हिरवं उगून राह्यलं. रायलेली बकरी तिकडंच बांधून आली.'
चपला घातल्या आहेत. पण बकरी काही एवढ्या घाईने खात नाही. एवढं लिहून निघतो.