भुऱ्याच्या वाटीतलं अंडं

दुर्गा, पोरी,

तू धुणं घेऊन नदीवर गेलीस, तेव्हा मी भुऱ्या पिलाला उचलून दिघीला लष्कराच्या जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी पिलाचे वाकलेले पाय चाचपले अन् विचारलं, "खायला काय देता?"

मी म्हणालो, "आमी माळकरी. दूध-भाकरी."

"बाबा, माळ तुमच्या गळ्यात आहे, कुत्र्याच्या नाही," ते म्हणाले. "वाढत्या पिलाची हाडं नुसत्या दूध-भाकरीवर धरत नाहीत. अंडं द्या, बिनमिठाचं मऊ शिजवलेलं मटण द्या. आता थोडं थोडं चार वेळा, वर्षाचं झालं की दोनदा पोटभर."

हेच तू सांगत होतीस. अन् तू उकडलेलं अंडं मी वाटीसकट उकिरड्यावर भिरकावलं. शेजारच्या अंबूबाईच्या देखत तुला "घर बाटवलंस" म्हणालो. तेव्हापासून तू मला वेळेवर वाढतेस, पण बोलत न्हाईस. बोलावं तरी कशाला?

भुऱ्याला ओसरीवर पोत्यावर निजवलंय. पाय सुधारतील, पण थोडे वाकडेच राहतील, डॉक्टर म्हणाले. ते माझ्यामुळं.

मी मीरासाहेबाच्या दुकानी खिमा आणायला गेलोय. परसात तीन दगडांची चूल मांडून ठेव, शिजवीन मीच. तुझ्यासमोर मान वर करवत न्हाई, म्हणून हे लिहिलं. पण येताना अंबूबाईच्या दारात थांबणार हाय. तिला तोंडानं सांगणार हाय की, सून खरं बोलत होती, चुकलो मी.

मामंजी