या खेपेला बर्फ नाही

प्रिय भूमी,

परवा फोनवर तू रडलीस. तुझ्या कोरोनाच्या अभ्यासासाठी डोळखांबच्या आम्ही आशा सेविकांनी दिलेलं रक्त वाया गेलं, पुन्हा मिळालं नाही तर तुझे प्रयोगशाळेतले सर आपला डोंगरातला गट अभ्यासातून काढून मुंबईच्या नर्सेस घेणार, एवढं सांगून तू फोन ठेवलास. वाया घालवलं कोणी? आम्हीच! जन्मभर उपकेंद्रात लसी सांभाळल्या, त्यामुळे रक्ताची नळी हातात आली की हात आपोआप बर्फाच्या डब्याकडे जातो. रक्तातल्या टी पेशी जिवंत पोचायला हव्यात, गारठवू नका, असं तू बजावून गेली होतीस. तरी जनाबाईने मायेने दोन बर्फाच्या पिशव्या जास्तच घातल्या, उन्हाने पोरीचं काम बिघडू नये म्हणून.

ही तीच जनाबाई, तुझं शेंबडं नाक पदराने पुसणारी आपली आशाताई. कोविडात तिच्याच पाड्याने वाटेवर काटेरी फांद्या टाकून तिला अडवलं होतं, रोग घेऊन येशील म्हणून. ती फांद्यांच्या अलीकडून एकेकाला नावाने हाका मारायची, ताप विचारायची, गोळ्या ठेवून मागे सरायची. ती एकदाही आजारी पडली नाही, तर पुढे लोक म्हणाले, हिने काय केलं, लांबूनच तर फिरत होती. ते तिला अजून टोचतं.

काल सगळ्या आशाताईंना बोलावलं. भातकापणी ऐन भरात, तरी आल्या. पुन्हा रक्त द्यावं लागेल म्हटल्यावर त्यांच्यातली सावळी उसळलीच. "सिस्टर, आमच्या अंगात काय रगताची विहीर हाय? परत नाय देनार." तिचं काय चुकलं? मग तू मला समजावलं होतंस तसं मी सांगायला लागले. अँटिबॉडी काही महिन्यांत ओसरतात, पण टी पेशी आठवण धरून ठेवतात. आपल्या म्हाताऱ्या कशा पोराचं तोंड बघून हा कोणाचा नातू ते सांगतात, तशा या पेशी, आधी साध्या सर्दीचा विषाणू पाहिलेला असला, तर कधी कधी त्याच्या भावकीतल्या कोरोनालाही ओळखतात. पाड्यावरची शेंबडी पोरं कडेवर घेऊन आपण वर्षभर शिंकत असतो, ते कोविडात आजारी न पडायला कदाचित कामी आलं असेल. किंवा कोरोना येऊनही गेला असेल आणि आपल्याला कळलं नसेल. नक्की काय ते माझी लेक शोधतेय. 'माझी लेक' म्हणताना माझा आवाज इतका चढला की बाहेर जीप पुसणारा ड्रायव्हर दीपेश आत डोकावला. हसू नकोस. माझ्या शिंकांना लहानपणी नावं ठेवणारी पोर आज त्याच शिंकांवर अभ्यास करतेय, मग अभिमान वाटणारच.

जनाबाई मात्र गंभीर होती. तिने विचारलं, "म्हंजी मी तवा फिरले ते कोनाच्या ध्यानात नाय, पन माज्या अंगाच्या ध्यानात असंल?" असू शकतं, मी म्हटलं. तिने बाही सरकवून हात पुढे केला. मग पुटपुटत का होईना, सावळी आली. मग बाकीच्या सगळ्या. शेवटी मीही दिलं. मुरबाडकडच्या आशाताईंनाही कळलंय, त्या विचारतायत, आमची पाळी कधी.

नळ्यांची पिशवी घेऊन तुझ्या प्रयोगशाळेकडे जनाबाईच निघतेय, दीपेशच्या जीपमधून. बर्फ नाही, नळ्या तिच्या जुन्या लुगड्याच्या घडीत. तिला सांगितलंय, आधी पिशवी दे, भूमीचं काम मार्गी लागलं की मग पत्र. म्हणजे तू हे वाचतेयस तेव्हा ती बाहेर बाकावर बसली असेल आणि चहा घेऊन निघते म्हणेल. तिला जाऊ देऊ नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र. नळ्यांवर नावं नसतात, म्हणून कोणती नळी कोणाची ते तुला कळायचं नाही, ठाऊक आहे मला. कुठल्याही एका नळीतल्या पेशी तिला सूक्ष्मदर्शकाखाली दाखव, आमच्यापैकीच कोणाच्या तरी असतील. त्यांना काय आठवतंय ते तुझी यंत्रं सावकाश सांगतील. ती वाकून बघेल तेव्हा तू शेजारी उभी राहा आणि तुझ्या सरांनाही ऐकू जाईल असं सांग, ही आमची जनाबाई, कोविडात पाड्यापाड्याने फिरलेली.

तुझीच,
आवाज चढलेली आई