दोनदा वजा झालेली गाडी

कोल्हापूर,
१४ डिसेंबर २००६

चि. रुद्रेश,
शरणु शरणार्थी आणि काकाचा आशीर्वाद.

इकडं थंडी पडली आहे. तुझ्या काकूनं शेंगाचटणी कुटली आहे, बेंगळुरूला जाणारं कोणी भेटलं की पाठवते. मामाकडं पोटभर जेवत जा. रुसून उपाशी राहायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

ऑफिसातलं भांडणही मी मिटवलं. छापील कागद का कॉम्प्युटरवरची विकी, यावर तू आणि काट्यांवर जाणाऱ्या कृष्णातनं वर्षभर माझं डोकं उठवलं होतंत. रेडिओ दुरुस्त करता करता कॉम्प्युटर शिकलेला माणूस मी, मला जमलं तसं ठरवलं. प्रोग्रामची माहिती विकीवरच लिहायची, तुझं खरं. पण साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर इंटरनेट नसतं, म्हणून जाणाऱ्यानं त्याच दिवशी छापलेलं पान न्यायचं, त्याचंही खरं. जुनं पान जमा केल्याशिवाय नवं मिळत नाही, गॅसच्या टाकीसारखं. जमा झालेलं मी स्वतः फाडतो.

त्या दिवशी कृष्णातजवळ जुनं पान होतं. तू प्रोग्राम बदललास, रिकाम्या गाडीचं वजन आपोआप वजा व्हायला लागलं. ते विकीवर लिहून तू गप्प बसलास. त्यानं पानात होतं तसं काट्यावरच्या कारकुनाला हातानंही वजा करायला लावलं. गाडी दोनदा वजा झाली. शेतकऱ्यांना वाटलं, काटा मारला. त्यांनी त्याला काट्यावरच आडवा पाडून उसानं झोडपला, तोंडावर लाथा घातल्या. फाटक्या ओठानं, पडलेला दात रुमालात बांधून तो ऑफिसात आला आणि त्या पानाची फाईल तुझ्यापुढं आपटली.

तू म्हणालास, "विकीवर होतं की. वाचता येत न्हाय व्हय?"

त्यानं तुझ्या कानाखाली काढली, ते मी पाहिलं. तू टेबलावरचं लोखंडी पंचिंग मशीन उचललंस, तेही पाहिलं. पहिल्या घावालाच तो खाली बसला होता. दुसरा कशाला घातलास, बाळा? ऑफिसातली शांभवी खुर्चीआड ओरडत होती. मी तुझा दंड धरला, तर मलाही भिंतीवर ढकललंस. फाईल रक्तानं भिजून फुगली.

त्याचा डावा डोळा गेला. एवढं लिहायला मला चटणीपासून सुरुवात करावी लागली.

दवाखान्यात त्यानं जिन्यावरून पडलो असं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. मला म्हणाला, "काका, त्याचं लगीन ठरलंय. ऱ्हाऊ दे." मीही राहू दिलं असतं. पण काल त्याची आई बायडाबाई माझ्या हातात चहाचा कप देऊन शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "अण्णा, खरंच पडला व्हय ओ त्यो?"

कप तसाच खाली ठेवून मी उठलो.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी पोलीस ठाण्यात जाऊन आलेला असेन. त्याची थप्पड सांगेन, तुझे दोन्ही घाव सांगेन. वकील मी बघेन, जेवणाचा डबाही मीच आणेन. जबाब मात्र बदलणार नाही.

ये. स्टँडवर उतरलास की फोन कर, ठाण्यापर्यंत बरोबर चालत जाऊ.

तुला खांद्यावर खेळवलेला, आता तुझ्याविरुद्ध साक्ष देणारा,
रुद्राप्पा काका