दुधाच्या पिठाची बेगमी

१२ मे १९३२
शेवटच्या बोटीचे नक्की कळत नाही. कुणी म्हणतो पुढल्या हप्त्यात, कुणी म्हणतो येऊन गेली. एकदा बंद झाली की नारळी पुनवेपर्यंत मुंबईची वस्तू जयगडास येणे नाही. तांदूळ, मीठ, सोले, सुके बोंबील, लाकडे, सगळे भरले. दुधाचे पीठ तेवढे नाही. दत्तूला दोनदा लिहिले. मुलगा मुंबईस गोदीत आहे, त्याला डबे मिळणे जड नाही. मग पाठवीत का नाही?
सुनेला बाळंतपणात ताप आला, त्यात अंगावरचे दूध गेले. नात दोन महिन्यांची. गाय आटत आली, गाभण आहे, विईल ती पावसाळा सरता. मधल्या दिवसांत पोरीने काय प्यावे? हा विचार घरात कुणी करीत नाही. ही म्हणते, "तुमी करताव ना, मग आमी कशाला?"

१७ मे
डबे आले! कासमने होडी नेऊन बोटीवरून खोके उतरवून घेतले. माझ्या मचव्यावर हाताखाली खलाशी होता, मला अजून तांडेलच म्हणतो. मी हातपाय धुऊन येईतो हिने खोके उघडलेसुद्धा. पत्र्याचे डबे, वर गाईचे चित्र, अक्षरे इंग्रजी. झाकणाखाली पत्रा कथलाने झाळून बंद केलेला. दत्तूची चिठ्ठी: डबे कोरडे ठेवावेत, पीठ उकळलेल्या पाण्यात कालवून द्यावे.
दत्तूने लिहिले त्याहून डबे कमी भरले. कासमला विचारले, होडीत राहिले का? तो वळून होडीकडे निघाला. "बघतो," म्हणाला.

१९ मे
झोप नाही. डबा हलवला की आत खसखस वाजते. एक कमी वाजतो. ओल धरली असेल. बोटीत माल तळाशी ठेवतात, तिथे पाणी झिरपते, मला ठाऊक आहे. दत्तू लिहितो कोरडे ठेवा. पण मुळात कोरडे आहे का, ते कोणी बघायचे?
ऊन न दाखवता कोणती बेगमी आपण भरतो? डाळ नाही, मिरची नाही, बोंबील नाही. हिला म्हटले तर, "ते बंद हाय, ऱ्हाऊ दे." हिला काय कळते.

२१ मे
ऊन कडक. ही व सून ओढ्यावर कपडे घेऊन गेल्या. डबे फोडले. खळ्यात चटई, त्यावर धुतलेले धोतर, त्यावर पीठ पसरले. वरून सुनेचे पातळ. कावळ्यांसाठी काठी घेऊन बसलो. पीठ पिवळट, वास गोड, बोटाला चिकटते.
कासम दगडी गडग्याशी थांबला. "तांडेल, दुधाचे पापड घालतोस काय?" मी काठी आपटून कावळा उडवला. तोच पुढे, "नांगर टाकलास की धरला का बघायला पुन्हा वर ओढायचास. आमचे हात सोलायचे."
"माझ्या हाताखाली मचवा कधी वाहून गेला?"
"वाहून नाय गेला. पण सुखाने उभा पण नाय ऱ्हायला." हसला नाही मात्र. कमी भरलेल्या डब्यांचे मनात असावे त्याच्या.
तिन्हीसांजेस भरून ठेवले. झाकणांवर मेण, वर दोरी. जिवाला बरे वाटले. ही आली, डब्यांकडे बघत उभी राहिली आणि आत गेली.

२३ जून
पाऊस धरून आहे. डबे चुलीच्या वर माळ्यावर ठेवले, धग लागते. रोज एकदा दोरी सोडून बघतो. ठीक आहे. गायीचे दूध गेले, आता सगळी मदार पिठावर.

४ जुलै
गाठी. बोटाने फुटत नाहीत. वास खवट, जुन्या खोबऱ्यासारखा. वरचे काढून टाकले, तळचे बरे वाटले म्हणून कालवून दिले. पोरीने बोंडले ढकलले. मग भुकेने प्याली आणि सगळे ओकली. पुन्हा दिले, पुन्हा तेच. सुनेने ओकलेले पुसले, पोरीला उचलून आत नेले. मला बोलली असती तर बरे होते.

५ जुलै
सगळे डबे पाहिले. सगळे तसेच. म्हणजे खळ्यात दिवसभर पीठ खाऱ्या हवेत पडले होते, ओल ओढून बसले, मी नुसते ऊन पाहिले. जन्म ह्या हवेत गेला, तरी कळले नाही.
पोरीला पेजेचे पाणी. शेजारून वाटीभर शेळीचे दूध, त्यांचीही करडे आहेत. रडायचा आवाज बारीक झाला आहे.
हिला म्हटले, फोडायला नको होते मी. ही उठली. भाताच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि डबा काढला. झाळलेला, जसाच्या तसा. खोके आले त्या दिवशीच पुरले होते.
"अजून हायत?"
"हायत."
"किती?"
"नाय सांगणार. सांगितलं तर काढून बघाल."
पोर पोटभर प्याली. ओकली नाही.

६ जुलै
भर पावसात कासमकडे गेलो. डबे घरातच होते, म्हटले. "मग झालं तर," म्हणाला. चुलीत लाकूड सारून पुढे, "होडी चारदा बघितली मी. तुझ्यासारखा झालो होतो." त्याच्या बायकोने चहा दिला.

२८ जुलै
ही डबा काढते तेव्हा मी तोंड फिरवतो, तशी बोली आहे. कान मात्र तिकडेच. पहिल्यांदा हात लगेच बाहेर आला. आज भात बराच वेळ सळसळत होता.
पोर अंगाने भरली. मला बघून हसते.

१६ ऑगस्ट, नारळी पुनव
नारळ सोडला. समुद्र अजून गढूळ, बोटीची बातमी नाही. कासम म्हणतो, आठवड्याने मचवा काढीन, आधी नाही. गायीची कास भरत आली असे ही म्हणते. मी बघितली, मला तसे काही वाटले नाही.

१९ ऑगस्ट
चुलीपाशीचा डबा खडखडतो, तळ लागला. हिला विचारले, अजून आहेत ना? "गाय बघा जाऊन," म्हणाली. धड 'हो' नाही, धड 'नाही' नाही.
सासूसुना शेतावर गेल्या. घरात मी आणि पोर. कणगीपाशी गेलो. मनगटापर्यंत हात घातला. भात गार लागला. तसाच उभा होतो, तोच पाळण्यात पोर कुरकुरली. हात काढला, भात झटकला आणि पाळण्याची दोरी ओढत बसलो.