सोळाला पोच

रामनगर,
बुधवार

तीर्थरूप दाजींच्या पायांशी परशुरामाचा दंडवत. (गुडघा धरल्यामुळे दंडवत खुर्चीतूनच घातला आहे, तो पुरा धरावा.) तुमची साखर, तारा अक्काची कंबर आणि परसातला फणस, तिघंही ठीक असतील अशी आशा आहे. इकडे शिल्पा बरी आहे, मशीन बरं आहे, आणि मी तर इतका सुधारलो आहे की गिऱ्हाइकं आत येण्याआधी दुकानाची पाटी पुन्हा वाचून बघतात. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून कागद घेतला. कागद निदान कापता येत नाही. (येतो म्हणा, पण कापू नका, खाली मजकूर आहे.)

प्राजक्ताच्या साखरपुड्याला तिचा सख्खा मामा, म्हणजे मी, हजर नव्हतो, ही गोष्ट मी नाकारत नाही. पण न्याय करताना भाषेचाही विचार व्हावा. तुमची सगळी नोकरी कॅसलरॉक स्टेशनावर पॉइंट्समन म्हणून गेली, घड्याळ अंगात मुरलं. दुपारच्या चारला तुम्ही कधी चार म्हणत नाही, सोळा म्हणता. रात्री जेवायला बसताना 'वीस वाजले' असं सांगता आणि अक्का बिचारी मनातल्या मनात बारा वजा करून ताट वाढते. मी पडलो शिंपी. माझ्या धंद्यात परवा म्हणजे कॅलेंडरवरचा दिवस नव्हे, तो गिऱ्हाइकाला दिलेला धीर आहे. कानडी माणूस 'यावाग' विचारतो, गोव्याकडचा 'केन्ना' विचारतो, आपला माणूस 'कधी देणार' म्हणतो, तिघांनाही मी परवा म्हणत आलो आणि तिघंही समाधानानं गेले. (शिवाय परवा हा झालेलाही असतो आणि यायचाही असतो. मराठी भाषेचे आम्हा शिंप्यांवर हे उपकारच आहेत.)

अशा माणसाला तुम्ही फोनवर सांगितलंत, "परवा साखरपुडा हाय. सोळाला पोच, सतराला पावनं येत्यात." मी ते शिंप्याच्या कानानं ऐकलं. परवा म्हणजे होईल केव्हातरी लवकरच. सोळाला म्हणजे सोळा तारखेला. आणि सतरा तारखेला पाहुणे. शिल्पा तेव्हा खानापूरला माहेरी होती, नाहीतर तिनं मला जागच्या जागी दुरुस्त केलं असतं. साखरपुड्याच्या दिवशी अक्कानं फोनवर फोन केले म्हणे, पण माझा फोन परकरांच्या ढिगाखाली चार्ज होत होता. आणि दाजी, मी आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आधी पोचलो हो. पंधरा तारखेच्या संध्याकाळीच नवा सदरा घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन तुमच्या दारात उभा राहिलो. साखरपुडा होऊन चार दिवस झाले होते. अक्का हसावं की रडावं ते न कळून उंबऱ्यावरच बसली. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलंत आणि म्हणालात, "लग्नात पोरीला मांडवात गुंद गावचा गुणा आणंल. त्यो येळंवर येतो."

ते मला फार लागलं. गुणा माझा चुलतभाऊ, भला माणूस, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण प्राजक्ताच्या अंगावर चढलेलं पहिलं झबलं मी शिवलंय. (त्याला एक बाही लांब झाली होती, पण ते तिला तेव्हा कळलं नाही.) तिला हाताला धरून मांडवात आणायचा मान मला दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. परतीच्या वाटेवर पेढे एकट्यानं खात मी ठरवलं, आता वेळ हाताशी आणायची.

पहिले काही दिवस गजरांत गेले. शिल्पानं माझ्या फोनमध्ये कापायची वेळ, शिवायची वेळ, काजांची वेळ असे वेगवेगळे गजर लावून दिले. पण शेजारचा पंक्चरवाला म्हादू, ज्याला हाताला काम नसलं की माझ्या बाकाशिवाय करमत नाही, तो नेमका कापायच्या वेळेला येऊन बसे. गजर वाजला की त्याला वाटे फोनच आला. मी तो बंद केला की, घरच्या माणसांचा फोन असा तोडू नये, संसारात दोघांनीही समजून घ्यावं, असा उपदेश सुरू होई, आणि तो ऐकता ऐकता पुढचा गजर वाजे.

मग मी परवा हा शब्दच दुकानातून हद्दपार केला. कापड घेतानाच वार सांगायचा आणि कापडावर लिहून ठेवायचा. खडू पुसला जातो म्हणून स्केचपेन आणलं. इथं जरा घोटाळा झाला. अंगणवाडीच्या नेत्राबाई मी शिवलेला नवा ब्लाउज घालून हळदीकुंकवाला गेल्या आणि त्यांच्या पाठीवर ठळक अक्षरात 'शुक्रवार' लिहिलेला होता. शनिवारचा वेगळा असतो का, असं तिथं कुणीतरी विचारलंही. दुसऱ्या दिवशी त्या दुकानाची पायरी चढल्या तेव्हा मी टेबलाखाली जायच्या बेतात होतो. पण त्या टेबलावर ब्लाउज ठेवून म्हणाल्या, "डाग काढून द्या. पर एक सांगू, शुक्रवारी म्हनला आन् शुक्रवारीच दिला की वो. तुमच्याकडनं ह्ये पयल्यांदाच झालं." दाजी, त्या बोलण्यानं मला हुरूप आला.

आता वार चिठ्ठीवर लिहून टाचणीनं लावतो. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा कापायचं, माप आणि हुज्जत दुपारनंतर. म्हादू आला की साडीचा फॉल नाहीतर हूक लावायला घेतो. तोंड त्याच्या ताब्यात आणि हात माझ्या. तो उठतो तोवर साडी झालेली असते आणि त्याला उगीच वाटतं, आपण ह्याचा वेळ घेतला. हातातलं संपल्याशिवाय नवं कापड घ्यायचं नाही, हे मात्र जड गेलं. पहिल्यांदा जिला 'नाही' म्हणालो, त्या बाईला वाटलं मला बरं नाही, आणि ती संध्याकाळी कषाय, म्हणजे आपला काढा, करून घेऊन आली. काल दुकान बंद केलं तेव्हा बाहेर चक्क उजेड होता. शिल्पा आणि मी बसस्टँडपर्यंत पायी गेलो, भजी खाल्ली, घरी आलो, तरी करायचं काही राहिलेलं नव्हतं. दोघांनाही जरा ओशाळल्यासारखं झालं. पण फार बरं वाटलं.

अक्काला नमस्कार, प्राजक्ताला आशीर्वाद. थोरपणानं लोभ ठेवावा.

तुमचा मेहुणा,
परशुराम

ता. क. एवढं सगळं नुसती खुशाली कळवायला लिहिलेलं नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. रविवारी प्राजक्ताला मांडवात मला आणू द्या. गुणाला विचारलंय. त्याचं लक्ष वाढपाकडं जास्त आहे.

आणखी एक ता. क. टपालावर विसंबलो नाही. आज गुरुवार, सकाळच्या गाडीनं पत्र स्वतःच घेऊन आलो आहे. तुम्ही पूजेला बसलात असं कळलं, म्हणून बाहेर पायरीवर बसून हे लिहितो. लग्न रविवारी आहे, तेव्हा ह्याला उशीर म्हणता येणार नाही.

शेवटचा ता. क. पत्र आत दे म्हणून प्राजक्ताला हाक मारली, तर तिनं ते उभ्या उभ्याच वाचून काढलं. म्हणाली, "मामा, बाबांस्नी मी कालच सांगितलंय. तुमी हात धरल्याबिगर मी खोलीतनं भाईर येनार न्हाई. मुहूर्त टळला तर टळू दे." मला तिथंच रडू आलं, ते असो. तर दाजी, तुमच्या लेकीचा मुहूर्त आता माझ्या हातात आहे. तुम्हाला धडकी भरणं साहजिक आहे. मलाही भरली आहे. म्हणून रविवारपर्यंत मी ह्या घरातून हलत नाही. माझं अंथरूण कुठं घालायचं, तेवढं अक्काला सांगा.