त्यांच्या वाटीतली गोळी

औंढे,
२१ नोव्हेंबर २०२५

चि. शुभदा,
आईचे भरभरून आशीर्वाद. ओंकाररावांचा खोकला थांबला का? इकडे भाताची झोडणी उरकली, पेंढाही रचून झाला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हे माझं पहिलंच पत्र. ओळी सरळ आल्यात का बघ. फोनवरच सांगितलं असतं, पण तू मधेच "आई, काहीही काय!" म्हणतेस आणि माझं सांगायचं राहून जातं.

नव्या डोळ्याला सगळं दिसतं, भिंतीचे पोपडे आणि माझ्या हातांवरचे डागसुद्धा. शेजारची चिमाबाई रोज येऊन बोटं नाचवते. "किती हायेत सांग?" मी म्हटलं, "बोटं ऱ्हाऊ दे, तुझ्या नखातला चुना पन दिसतो."

तू पाठवलेल्या डोळ्यांच्या गोळ्या मिळाल्या. डॉक्टरीणबाईंना दाखवल्या. म्हणाल्या, "मावशी, यांनी मोतीबिंदू जात नाही. ऑपरेशननंतर यांची तशी गरजही नाही. पालेभाजी, शेवगा खा आणि थेंब चुकवू नका." थेंब मी चुकवत नाही. शेवगा दारातच आहे. गोळीही रोज डबीतून काढते.

पण ती मी खात नाही.

डाव्या डोळ्याची तारीख तू घेतलीस आणि मी ती मोडली. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत गं. डाव्या डोळ्यात तुझे आबा आहेत.

रागावू नकोस. दिवेलागणीला उजवा डोळा हाताने झाकला की डाव्याच्या धुरकट उजेडात ते ओट्यावर बसलेले दिसतात. उजवा उघडला की नुसता ओटा. पहिल्यांदा घाबरून मी चिमाबाईकडे जाऊन बसले होते. मग भीती गेली, पण जीव तुटायला लागला. ते मान इकडेतिकडे फिरवतात, हाताने जमीन चाचपतात आणि विचारतात, "कोन हाय? नंदे, तूच हायेस न्हवं?" शेवटच्या वर्षी मोतीबिंदूने दिसेनासं झाल्यावर विचारायचे, अगदी तसंच. "लावणी हुंदे, मग डोळं करू," म्हणाले होते आणि लावणीआधीच गेले. मेल्यावरही माणसाला दिसू नये, हे मला सहन होईना.

म्हणून तुझी गोळी मी त्यांच्या वाटीत घालून ओट्यावर ठेवते. सकाळी ती नसते. उंदीर नेत असेल म्हणशील. असेलही. पण जेवण झालं की आबा वाटी पालथी घालायचे, आठवतं ना? वाटी पालथी असते.

काल त्यांची मान फिरली नाही. सरळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लय म्हातारी झालीस की गं."

मी हसले आणि पदर तोंडात धरून रडलेही.

तेव्हा आता डाव्या डोळ्याची तारीख घे. या खेपेला मोडणार नाही. ते मला दिसायचे नाहीत, याचं फार वाईट वाटतं. पण त्यांना मी दिसते आहे ना, तेवढं पुरे.

न्यायला येशील तेव्हा गोळ्यांची नवी डबी आण. ही संपत आली आहे.

तुझे,
आई आणि आबा