एकोणीस हजार नऊशेचं गुप्तदान

३ जानेवारी
मेव्हणा भिकाजी पंचायत समितीला अपक्ष उभा राहिलाय. देणगी मागायला आला होता. सांगितलं, नात्यातल्या माणसाकडून पैसे घेतले की उमेदवारी बाद होते, नवा कायदा आहे. बिचारा घाबरला. कायदा मी तिथल्या तिथे केला, पण वाईट नाही.
संकल्प: यंदा कमी बोलायचं.

५ जानेवारी
त्याच्या समोरचा उमेदवार गुरुप्रसाद निवडून येणार हे उघड आहे. आमच्या होमस्टेचा दोनशे मीटर रस्ता तोच करू शकतो. पाहुण्यांच्या गाड्या रुततात, मग ते नेटवर वाट्टेल ते लिहितात. त्याच्या पक्षाला गुपचूप चेक दिला. एकोणीस हजार नऊशे. वीस हजारांच्या वर गेलं की पक्षाला देणाऱ्याचं नाव कळवावं लागतं म्हणे. याला डोकं लागतं.
भिकाजीचं यात काहीच नुकसान नाही. मत मी त्यालाच देणार. बहुतेक.

८ जानेवारी, दुपार
खात्री करायला ओरोसला, जिल्ह्याच्या निवडणूक ऑफिसात गेलो. एसटीने, कारण माझी गाडी सगळे ओळखतात. एसटीत गावातली सहा माणसं भेटली.
ऑफिसातल्या बाईंना विचारलं, उमेदवाराचा हिशेब कोण बघू शकतं? कोणीही, अर्ज करा, म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, मत गुप्त असतं, मग देणगी का नको? देणाऱ्याला काही प्रायव्हसी? त्यांनी विचारलं, आपण उमेदवार आहात का? नाही म्हटल्यावर मागच्या माणसाला पुढे बोलावलं. मुद्दा मात्र त्यांना पटलेला दिसला.

१० जानेवारी
घोळ. भिकाजीने सगळ्या नातेवाइकांचे पैसे परत केले! चुलते, मामा, मावश्या, सगळ्यांचे. आमच्या गावात नात्यात नाही असा माणूस शोधायचा कुठे? यशोदा आत्येचे पाचशेसुद्धा परत केले. ती भडकलीय. आता प्रचाराला एकच बॅनर, तोही जुन्या क्रिकेट स्पर्धेचा, उलट्या बाजूने रंगवलेला.
खरं सांगावंसं वाटलं. पण मग मी का दिले नाहीत, तेही सांगावं लागलं असतं. उद्या सांगतो.

११ जानेवारी
सलूनमध्ये बाबूला एवढंच म्हटलं की काही माणसं पडद्यामागून राजकारण करतात. आकडा सांगितला नाही. संकल्प पाळला.
भिकाजीला उद्या.

१४ जानेवारी, सकाळ
आज देवळात दोन्ही उमेदवारांचं गाऱ्हाणं, म्हणजे नारळ ठेवून देवाला सगळ्यांदेखत साकडं. देव सगळ्यांचा, म्हणून एकाच दिवशी. ही भावासाठी नवी साडी नेसून तयार आहे. मीही जातोय. मोकळ्या मनाने.

१४ जानेवारी, संध्याकाळ
लिहायची इच्छा नाही. पण नोंद हवी.
देवळाचे मानकरी भाई गावकर गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आधी गुरुप्रसादचा नारळ. देवापासून काही लपवायचं नाही म्हणून त्या शहाण्याने भाईंना सगळं सांगून ठेवलं होतं. भाईंचा आवाज असा की माइक लागत नाही.
“आणि आमचो परशुराम, जेणा सख्ख्या मेवण्याक एक पैसो नाय दिल्यान, पण गुरुप्रसादाक गुपचूप एकोणीस हजार नवशे दिल्यान, तेच्या घराकडचो रस्तो सिमेटचो होवंदे रे म्हाराजा!”
अख्खा गाव ओरडला, “व्हय म्हाराजा!”
सवयीने हीसुद्धा ओरडली. हात जोडलेले. मग सावकाश माझ्याकडे वळली.

१५ जानेवारी
माहिती माझ्याकडून फुटलेली नाही, हे आधी लक्षात घ्यावं. कायद्याने मी स्वच्छ आहे. देवळात सांगितलेल्या माहितीला गोपनीयता लागू होते का, ते वकिलाला विचारायला हवं.
ही माझ्याशी बोलत नाही. माझ्याविषयीचं सगळं मांजराला सांगते. जेवणात नुसता भात आणि सोलकढी. तळलेला बांगडा मांजराला.

९ फेब्रुवारी
निकाल. भिकाजी अकरा मतांनी पडला. पैसे परत केल्याच्या रागात यशोदा आत्येच्या घरची तेरा माणसं मतदानाला गेलीच नाहीत.
गुरुप्रसादला अभिनंदनाचा हार घातला आणि रस्त्याची आठवण केली. तो हात जोडून म्हणाला, “परशुरामानू, आता सगळ्या गावाक म्हायत झालां. तुमचो रस्तो केलंय तर लोक म्हणतले पैसे खावन केल्यान. पाच वर्षां तेका हात लावूचंय नाय.”

१० फेब्रुवारी
भिकाजी आला. भांडायला आला असता तर बरं झालं असतं, माझी उत्तरं तयार होती. खुर्ची ओढून अगदी जवळ बसला.
“भावोजी, ओरोसाक जावन इचारलंय. असो कायदोच नाय. तुमका कोणीतरी फसयल्यान. म्हणानच तुमी माका नाय, तेका दिलास.”
ही मांजराला घेऊन दारात येऊन उभी राहिली.
मी हो म्हटलं.